वहीच्या समासातील नोंदी : एका बाळंतिणीचा पहिला महिना

या लेखातील बाळंतिणीला वृंदा म्हटले आहे. तिच्या संमतीने हे प्रकरण लिहीत असून तिचे नाव, गाव आणि ओळख पटेल असे बारीक तपशील बदलले आहेत. मी स्तनपान समुपदेशक म्हणून काम करते आणि या घरात बाळाच्या दहाव्या दिवशी पहिल्यांदा गेले. त्याआधीचा भाग वृंदा, तिची आई आणि गावातील आशाताई यांनी सांगितलेल्या हकिकतीवरून, तसेच वृंदाने ठेवलेल्या एका वहीवरून लिहिला आहे. दिवस मोजताना जन्माचा दिवस पहिला धरला आहे.

पार्श्वभूमी

वृंदा २७ वर्षांची असून पुण्यात एका खाजगी कंपनीच्या हिशेब विभागात नोकरी करते. पहिले बाळंतपण माहेरी करायचे या रीतीप्रमाणे नववा महिना लागल्यावर ती सांगली जिल्ह्यातील आपल्या माहेरी आली. घरात आई, वडील आणि आजी. नवरा पुण्यात, शनिवारी रात्री येऊन रविवारी रात्री परतणारा. गरोदरपणात काही अडचण नव्हती, पण प्रसूतीच्या वेळी कळा लांबल्या, बाळाचे ठोके कमी झाले आणि तालुक्याच्या गावातील एका खाजगी रुग्णालयात सिझेरियन करावे लागले. ३८ आठवडे पूर्ण झालेली मुलगी, वजन २,९०० ग्रॅम, जन्मताच रडली. गावात जिलेबी वाटली गेली.

सिझेरियननंतर आईला खोलीत आणून बाळाला पहिल्यांदा छातीशी लावेपर्यंत पाच तास गेले. मधल्या वेळात बाळ रडते म्हणून परिचारिकेने चमच्याने पावडरचे दूध पाजले, आणि आजीने कोणाला न विचारता मधाचे बोट चाटवले. मधातून बोट्युलिझम या गंभीर आजाराच्या जंतूंचे बीजाणू पोटात जाऊ शकतात, म्हणून एक वर्षाच्या आत मूल कितीही सुदृढ असले तरी त्याला मध देत नाहीत. पुढे यातून काही निघाले नाही, पण बालरोगतज्ज्ञांनी ती गोष्ट ऐकल्यावर कागदावर लिहून घेतली. चौथ्या दिवशी बाळाला कावीळ दिसली. रक्तातील काविळीचे प्रमाण दाखवणारे बिलिरुबिन १४ आले, ते त्या वयाच्या पूर्ण दिवसांच्या बाळासाठी उपचाराच्या प्रकाशाखाली ठेवण्याच्या पातळीखाली होते, म्हणून पाचव्या दिवशी घरी सोडले. त्या वेळचे वजन २,६९० ग्रॅम, म्हणजे जन्मवजनापेक्षा सुमारे ७ टक्के कमी. पहिल्या काही दिवसांत इतके उतरणे नेहमीचे असते. घरी सोडतानाच्या कागदावर वजन लिहिलेले होते. पुन्हा वजन कधी करायचे, ते लिहिलेले नव्हते.

घरी बाळंतिणीची खोली मागच्या बाजूला. वैशाख होता, पण वारा लागू नये म्हणून एकुलत्या एक खिडकीला पुठ्ठा लावलेला, बाजेखाली सकाळ-संध्याकाळ शेगडी, ओव्याची आणि बाळंतशेपांची धुरी, आईच्या कानाला फडके बांधलेले आणि बाळ दुपट्यात घट्ट गुंडाळलेले. मालिशवाल्या मावशी सकाळी सातला येत. आधी बाळंतिणीला तेल आणि कढत पाण्याने अंघोळ, मग बाळाला पायावर घेऊन अंघोळ, टाळू भरणे, शेक. हे सगळे उरकायला साडेनऊ वाजत. त्यानंतर बाळ दुपारी एक-दीडपर्यंत उठत नसे, आणि या झोपेचे घरात कौतुक होते. वृंदाला पाणी मोजून मिळे, दिवसाला चार-पाच पेले, तेही कोमट. आईने पाणी कमी प्यायले म्हणून दूध लगेच आटते असे नाही, पण त्या खोलीत आणि त्या उन्हाळ्यात तिचे डोके दिवसभर दुखत असे आणि टाके असताना बद्धकोष्ठानेही तिला हैराण केले होते.

वही सुरू झाली ती रुग्णालयातच. हिशेबाच्या कामाची सवय असल्यामुळे वृंदाने एका लांब वहीत स्वतः रकाने आखले होते: वेळ, बाजू, मिनिटे, शू, शी. उजवीकडे दोन बोटांचा समास सोडलेला. पहिल्या आठवड्याची पाने पाहिली तर कोणत्याही कचेरीत चालतील अशी नीटनेटकी आहेत.

पहिली अडचण : वजन

शासनाच्या गृहस्तरावरील नवजात बालक काळजी कार्यक्रमात आशा कार्यकर्तीने पहिल्या ४२ दिवसांत ठरावीक दिवशी घरी जाऊन बाळ-बाळंतीण पाहायची असते. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा असे सहा दिवस आहेत. या पद्धतीचे मूळ गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी केलेल्या कामात आहे, आणि २०११ पासून ती देशभर लागू झाली. पण वृंदाची गरोदरपणाची नोंद पुण्यात होती, त्यामुळे माहेरच्या गावच्या यादीत तिचे नावच नव्हते. माहेरी बाळंतपणाला येणाऱ्या मुलींच्या बाबतीत हा घोळ मी वारंवार पाहिला आहे: सासरची आशा म्हणते ती माहेरी गेली, माहेरची म्हणते ती माझ्या यादीत नाही. इथे आशाताईंच्या घरी जिलेबी पोहोचली होती, म्हणून त्या आठव्या दिवशी आपण होऊन आल्या.

त्यांनी आधी विचारले, बाळ शू किती वेळा करते. आजी म्हणाली, "भिजतंय की!" आशाताई मागच्या अंगणात गेल्या आणि दोरीवरची लंगोटं मोजली. आदल्या दिवसापासूनची चार होती, आणि त्यांतल्या दोनांवर विटकरी रंगाचे पुसट डाग होते. पाचव्या-सहाव्या दिवसापासून बाळाने दिवसाला किमान सहा वेळा फिकट रंगाची शू करायला हवी. विटकरी डाग पहिल्या एक-दोन दिवसांत चालतात, आठव्या दिवशी ते दिसले तर बाळाच्या पोटात दूध कमी जात आहे असे समजायचे. झोळीच्या काट्यावर वजन २,६४० भरले, तेही अंगात झबले असताना. या दिवसापर्यंत वजन चढणीला लागलेले असायला हवे होते. आशाताईंनी उद्याच्या उद्या बालरोगतज्ज्ञांकडे जायला सांगितले, तेव्हा आजीचे उत्तर होते, "आमच्या वेळेला वजनकाटा फक्त बाजारात असायचा, आणि पोरं काय जगली न्हाईत?" हे नुसते आडमुठेपणाचे बोलणे म्हणून मी सोडून देणार नाही, कारण आजीने सहा बाळंतपणे केली होती आणि त्यांतली चार मुले मोठी झाली होती, हा हिशेब तिने नंतर एकदा माझ्याजवळ स्वतःच मांडला.

नवव्या दिवशी दवाखान्यात उघड्या अंगाने, इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन २,६१० ग्रॅम आले, म्हणजे जन्मवजनापेक्षा १० टक्के कमी. बाळ झोपाळू होते पण उठवल्यावर जागे होत होते, तोंड ओलसर होते, ताप नव्हता. रक्तात बिलिरुबिन ११ वर उतरलेले, साखर ठीक, सोडियम (अंगातले पाणी कमी झाले की हे चढते) १४७, म्हणजे वरच्या मर्यादेच्या जरासे पलीकडे.

तोललेले पर्याय

त्या संध्याकाळी घरात चार मते होती. वृंदाची मावशी फोनवरून म्हणत होती की सरळ पावडरचा डबा सुरू करावा आणि बाटलीने पाजावे, म्हणजे बाळ किती प्याले ते तरी कळेल. आजीचे म्हणणे होते की काही करू नये, अळीवाची खीर आणि डिंकाचे लाडू वाढवावेत, दूध उतरेल. वृंदाच्या नवऱ्याने पुण्याहून आग्रह धरला की बाळाला रुग्णालयात दाखल करावे. डॉक्टरांनी सुचवलेला मार्ग यांपैकी कोणालाच पूर्ण पटणारा नव्हता: दर दोन तासांनी बाळाला उठवून छातीशी लावायचे, नंतर हाताने दूध काढून ते चमच्याने द्यायचे, दर पाजण्यामागे २० ते ३० मिलिलिटरची भर पडेल असे पाहायचे, आईचे दूध तितके निघाले नाही तर उरलेली भर पावडरच्या दुधाने करायची, आणि ४८ तासांनी त्याच काट्यावर पुन्हा वजन करायचे. वजन वाढले नाही किंवा बाळ उठेनासे झाले, तर लगेच दाखल करायचे.

मावशीचा पर्याय चुकीच्या हेतूचा नव्हता. बाळाला त्या दिवशी जास्त दुधाची गरज होतीच, आणि "फक्त आईचेच" या आग्रहापोटी त्याला उपाशी ठेवणे हा धोकाच ठरला असता. पण छातीतून जितके दूध बाहेर निघते तितके नवे तयार होते. बाटलीने पोट भरले की बाळ छातीशी कमी ओढते, दूध साचून राहते आणि शरीर ते बनवणे कमी करते. मग "पुरत नाही" हा समज आठवडाभरात खरा होऊन बसतो. आजीच्या पर्यायात खाण्याचा भाग चांगलाच होता, दोष फक्त वाट पाहण्याचा होता. दाखल करण्याला डॉक्टरांनी तूर्त नकार दिला तो तपासण्या पाहून. सोडियम याहून चढलेले असते तर मीही दुसरे काही ऐकले नसते.

निर्णय वृंदाच्या आईने घेतला. तिने विचारलेला एकच प्रश्न मला फार नेमका वाटला: "दोन दिवसांनी चूक झाली असं दिसलं, तर कोणती चूक भरून काढता येईल?" डॉक्टरांचा मार्ग चुकला तर ४८ तासांत कळणार होते, बाकीच्यांना अशी मुदतच नव्हती.

केलेली कृती

दहाव्या दिवशी सकाळी मी गेले तेव्हा वृंदा भिंतीला टेकून मांडी घालून बसली होती, पाठीमागे काही आधार नव्हता, टाक्यांवर ओढ बसू नये म्हणून ती पुढे वाकत होती आणि बाळाच्या तोंडात फक्त स्तनाग्र जात होते. दोन्ही बाजूंना चिरा पडल्या होत्या. वहीत प्रत्येक वेळेपुढे "३५ मिनिटे", "४० मिनिटे" असे आकडे होते, पण पाच मिनिटे शांत बसून ऐकले तेव्हा गिळण्याचा आवाज मला तीनदाच आला. बाळ छातीशी होते, पीत मात्र नव्हते. रकान्यातली मिनिटे खरी होती, आणि त्यांवरून काढलेला अर्थ चुकीचा.

बाजेवर उशा रचून तिला रेलून बसवले आणि बाळाला बगलेखालून धरायला शिकवले, म्हणजे पाय आईच्या पाठीकडे आणि वजन उशीवर, जेणेकरून टाक्यांवर भार येत नाही. बाळाचे नाक स्तनाग्रासमोर, वरच्या ओठाला हलका स्पर्श, आणि तोंड जांभईसारखे मोठे उघडले की त्याच क्षणी जवळ ओढायचे. तिसऱ्या खेपेला हनुवटी छातीत रुतली, खालचा ओठ बाहेर वळला आणि घोट ऐकू आले: एक ओढ, एक घोट, मग जरा थांबणे. वृंदा म्हणाली, "दुखत नाहीये." तिच्या आईने आतल्या खोलीतून आजीला हाक मारली, आणि आजी येऊन गुडघ्यावर हात टेकून तो आवाज ऐकत बसली.

हाताने दूध काढण्याच्या पहिल्या प्रयत्नात दोन्ही बाजू मिळून १२ मिलिलिटर निघाले. ते पाहून वृंदाचा चेहरा उतरला, आणि तिथेच आजीने कपाटातून पितळी बोंडले काढले. बारीक तोटीचे ते भांडे कल्हई गेलेले होते, त्यामुळे ते न वापरता उकळलेली स्टीलची वाटी आणि चमचा घेतला. पण बाटली घरात न येण्याचे श्रेय मी त्या बोंडल्याला देते, कारण त्यामुळे वाटी-चमचा ही डॉक्टरांची नवी कटकट न राहता घरचीच जुनी रीत ठरली. पावडरचा डबा औषधांच्या दुकानातून कोणतीही विचारणा न होता मिळाला. १९९२ च्या कायद्याने अशा डब्यांची जाहिरात करायला आणि त्यावर बाळाचे चित्र छापायला बंदी आहे, तरी मोजमापाचे डाव दाबून भरायचे की सपाट, हे घरात कोणालाच माहीत नव्हते. ते दाखवावे लागले. या उपायाच्या पहिल्या दिवशी पावडरच्या दुधाची भर सहा वेळा लागली, तेराव्या दिवशी दोनदा, आणि सोळाव्या दिवसापासून लागली नाही.

बाकीचे बदल किरकोळ वाटतील, पण त्यांचा वाटा मोठा होता. मालिश बंद न करता ती पाजल्यानंतर आणि अर्ध्या तासात आटोपेल इतकीच ठेवली, अंघोळीनंतर दोन तासांनी बाळाला उठवायचे ठरले, खिडकीवरचा पुठ्ठा निघाला, शेगडी आणि धुरी बंद झाली, आणि वृंदाजवळ पाण्याचा तांब्या राहू लागला. धुरीवरून मालिशवाल्या मावशी नाराज झाल्या. आजीनेच त्यांना सांगितले, "दागदरीन म्हणतीय तर ऱ्हाऊ दे." मी डॉक्टर नाही हे मी त्या वेळी दुरुस्त केले नाही.

अकराव्या दिवशी त्याच काट्यावर वजन २,६७० आले. दोन दिवसांत ६० ग्रॅम.

दुसरी अडचण : जी मी पाहिली नाही

बाराव्या दिवशी बारसे झाले. ठरलेले होते, पत्रिका गेल्या होत्या, आणि साठ माणसे आली. वृंदा सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत साडी नेसून पाळण्याशेजारी बसली, त्यात दोनदाच बाळाला पाजता आले आणि रात्री तिला कणकण आली. चौदाव्या दिवशी आशाताईंनी वजन केले, २,७५५ भरले. मी फोनवर तो आकडा ऐकला, वृंदाला "तू कशी आहेस?" असे विचारले, ती म्हणाली, "ठीक आहे," आणि मी वहीच्या फोटोतले रकाने पाहून समाधानाने फोन ठेवला.

समास मी वाचला नाही. नंतर मूळ वही हातात घेतली तेव्हा दिसले की तेराव्या रात्रीपासून समासात पेन्सिलीने बारीक अक्षरांत काही लिहिलेले आहे. "३.१० – कुणाला उठवत नाही." "बाळ झोपलंय. मला झोप नाही." "श्वास बघितला, ४ वेळा." सतराव्या रात्री: "ही दुसऱ्या कुणाकडे असती तर एव्हाना वजन भरलं असतं." त्या रात्रीच्या रकान्यांत शू-शीचे आकडे नाहीत, नुसत्या उभ्या रेघा आहेत.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणे, क्षणात हसणे आणि क्षणात डोळे भरणे हे बहुसंख्य बाळंतिणींना होते आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरते. वृंदाही चौथ्या दिवशी खूप रडली होती, आणि "पहिलटकरणीचं असंच असतं" हे आईचे म्हणणे तेव्हा बरोबर होते. ते सतराव्या दिवशी बरोबर नव्हते. बाळ झोपले असतानाही आईला झोप न लागणे, आनंद न वाटणे, आणि बाळाचे आपल्यावाचून बरे होईल असे वाटणे ही प्रसूतीनंतरच्या नैराश्याची खूण आहे, आणि ते विरळा नाही: गोव्यातील मातांवर झालेल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा ते आठ आठवड्यांच्या बाळंतिणींपैकी २३ टक्के जणींना नैराश्य आढळले होते.

एकविसाव्या दिवशी आशाताई आल्या. बाळ २,९५० ग्रॅम, जन्मवजन ओलांडलेले, घरात पेढे. त्यांच्या लक्षात आले की वजन सांगितल्यावर सगळे पाळण्याकडे वळले आणि वृंदा उठून वही आणायला गेली, ती बराच वेळ परत आली नाही. त्या मागच्या खोलीत गेल्या, दार लोटून घेतले आणि विचारले, "वृंदा, जेवलीस का गं?" वृंदा पंधरा मिनिटे रडली. आशाताईंनी मला फोन केला तो रात्री.

दुसऱ्या दिवशी मी एडिंबरा प्रश्नावली घेऊन गेले. १९८७ साली तयार झालेली ही दहा प्रश्नांची साधी यादी असून तिचे गुण ३० पैकी धरतात; १३ किंवा अधिक आले तर नैराश्याची दाट शक्यता समजून डॉक्टरांकडे पाठवायचे असते. ही यादी निदान करत नाही, पुढे पाठवायचे की नाही एवढेच सांगते. वृंदाचे गुण १५ आले. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराविषयी असतो आणि त्याचे उत्तर शून्याखेरीज काहीही आले तर बाकीची बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी हालचाल करावी लागते. तिने "कधीच नाही" असे सांगितले. मी तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत, आणि बाळाच्या बाबतीतही, पुन्हा विचारला. भास, असंबद्ध बोलणे, विलक्षण संशय यांतले काही नव्हते. ते असते तर रात्र उलटू न देता रुग्णालय गाठायचे असते.

पर्यायांचा विचार या वेळी घरात अधिक अवघड झाला. आजीने बाळंतरोग म्हटले आणि दृष्ट काढली. त्यात मला हरकत घेण्यासारखे काही दिसले नाही. वडिलांचे मत होते की सव्वा महिना होऊ द्यावा, तोवर ही गोष्ट सासरी कळू नये. नवरा फोनवर गप्प राहिला, आणि नंतर त्याने विचारले की गोळ्या घेतल्या तर दूध तोडावे लागेल का. ही भीती अनेक घरांत उपचार अडवते. अंगावर पाजत असताना देता येतील अशी औषधे आहेत आणि मानसोपचारतज्ज्ञ त्यांतूनच निवड करतात, हे सांगितल्यावर तो म्हणाला, "मग थांबायचं कशाला?" सासूबाईंना वृंदाने स्वतः फोन केला. त्या दुसऱ्या दिवशी एसटीने आल्या आणि आठ दिवस राहिल्या.

तेविसाव्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञांनी पाहिले. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन ८.९ निघाले, थायरॉइड ठीक होते. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. नैराश्याचे औषध लगेच न देता आठवड्याला एक समुपदेशनाची बैठक आणि दोन आठवड्यांनी फेरतपासणी ठरली, मधे त्रास वाढला तर औषध सुरू करायचे होते. रात्रीसाठी १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिला. आणि डॉक्टरांनी औषधाच्या कागदावर पहिल्या ओळीत लिहून दिले: रात्री सलग चार तास झोप. त्याप्रमाणे रात्री अकराला पाजून वृंदा पुढच्या खोलीत झोपायची, दोनच्या सुमाराचे पाजणे काढून ठेवलेल्या दुधावर आई किंवा सासूबाई वाटी-चमच्याने करायच्या, आणि शनिवारी नवरा. पहिल्या शनिवारी त्याने निम्मे दूध झबल्यावर सांडले.

निष्पत्ती

अठ्ठाविसाव्या दिवशी बाळाचे वजन ३,१५० ग्रॅम आणि बेचाळिसाव्या दिवशी ३,५९० ग्रॅम भरले; बाळ आईच्याच दुधावर होते. वृंदाची एडिंबरा बेरीज बेचाळिसाव्या दिवशी ८ आली. फेरतपासणीत औषध न देण्याचा निर्णय कायम राहिला, बैठका आणखी सहा आठवडे चालल्या. झोपेचा उपाय लागू पडला की लोहाचा, की सासूबाईंच्या येण्याचा, हे वेगळे काढून दाखवणे शक्य नाही, आणि दुसऱ्या एखादीला याच टप्प्यावर औषधाचीच गरज भासली असती.

काय वेगळे करता आले असते

घरी सोडताना पुन्हा वजन कधी आणि कोठे करायचे, याची एक ओळ लिहिली असती तर २,६९० आणि २,६१० यांमधले दिवस वाचले असते. सिझेरियन आणि कावीळ या दोन्ही गोष्टी एकत्र असताना तर ही ओळ हवीच होती. माहेरी आल्या आल्या नववा महिना चालू असतानाच तिथल्या आशाताईंकडे नाव नोंदवणे हे काम घरच्यांनाही करता येण्याजोगे आहे. बारसे पुढे ढकलता आले असते. मी अकराव्या दिवशी वजन वाढल्याच्या आनंदात ते सुचवले नाही.

माझी मोठी चूक मात्र चौदाव्या दिवसाची आहे. "तू कशी आहेस?" हा प्रश्न मी फोनवर, तिची आई शेजारी असताना, बाळाचे वजन विचारून झाल्यावर विचारला. त्या क्रमाने विचारलेल्या प्रश्नाला "ठीक आहे" हेच उत्तर येते. वजन कमी होते तोवर घरातले प्रत्येक जण वृंदाच्या दुधाबद्दल बोलत होते, आणि वजन वाढू लागल्यावर वृंदाबद्दल बोलण्याचे कारणच उरले नाही, असे आम्ही सगळ्यांनी धरून चाललो. आता दुसऱ्या भेटीत मी आईशी दार लोटून, बाळाला काट्यावर ठेवण्याआधी बोलते, आणि दोन आठवडे उलटल्यावर प्रश्नावली सर्वांनाच देते, चेहरा पाहून निवडून नाही.

हे लिहिण्यापूर्वी मी वृंदाला विचारले की तिच्या मते काय वेगळे व्हायला हवे होते. तिने वहीचेच उदाहरण दिले. रकाने तिने स्वतःच आखले होते आणि त्यांत स्वतःच्या झोपेचा रकाना नव्हता. तो असता तर, ती म्हणाली, रोज दीड तास असा आकडा तिला स्वतःलाच दिसला असता, आणि आकड्याकडे दुर्लक्ष करण्याची तिला सवय नाही. तिची २६ आठवड्यांची रजा संपत आली आहे. कामाच्या जागी दूध कोठे काढायचे आणि कोठे ठेवायचे, याची विचारणा तिने लेखी केली असून उत्तर अजून आलेले नाही.